खिशातलं ग्रीन कार्ड नव्याने छापताना : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

ग्रीन कार्ड म्हटलं की आपल्याकडे आधी अमेरिकेतला कायमचा मुक्काम आठवतो. हे कार्ड वेगळं. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टिम/३६० ही मेनफ्रेम संगणकांची मालिका जाहीर केली आणि त्या यंत्रावर असेम्बलर, म्हणजे यंत्राच्या आज्ञांना अगदी जवळची भाषा, लिहिणाऱ्यांसाठी फिकट हिरव्या जाड कागदाचं, पंख्यासारखं घडी होणारं एक कार्ड काढलं. त्याचा नंबर जीएक्स२०-१७०३. त्यात इन्स्ट्रक्शन (यंत्राच्या आज्ञा), त्यांचे ऑपकोड (आज्ञेचा आकडा), कंडिशन कोड (आज्ञेच्या निकालाची ० ते ३ ही खूण), अक्षरांचे एब्सिडिक कोड (आयबीएमच्या पद्धतीचे आकडे), हेक्सचं (सोळाच्या पायाच्या आकड्यांचं) दशमानात रूपांतर असं सगळं दाटीने छापलेलं. पुढे सिस्टिम/३७० चं आलं ते पिवळं, जीएक्स२०-१८५०.

मामांकडे हिरवं आहे. ते सत्तरच्या दशकात पवईला आयआयटीत होते, तिथे रशियन बनावटीचं ईसी-१०३० होतं. त्या यंत्राच्या इन्स्ट्रक्शन ३६० शी जुळत, त्यामुळे अमेरिकन कार्ड रशियन यंत्रालाही चालायचं. आज त्यांनी ट्रंकेतून ते काढून आणलं. घड्यांवरची अक्षरं झिजून गेली आहेत, दोन घड्या चिकटपट्टीने जोडल्या आहेत आणि ती चिकटपट्टी आता मधासारखी तपकिरी झाली आहे. समासात पेन्सिलीने ‘८ ४ २ १’ असं लिहून खाली रेघ मारली आहे. एका कडेला अठरा चौकटींची उभी शिडी काढली आहे.

आमचा नऊ जणांचा गट दर रविवारी असेम्बलर शिकतो. लॅपटॉपवर हर्क्युलिस (जुन्या मेनफ्रेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर एमव्हीएस ३.८जे (आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम). प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक खिडकी टर्मिनलची, दुसरी मॅन्युअलच्या पीडीएफची. डम्प (मेमरीचा छापील उतारा) वाचताना पाच मिनिटांत दहा वेळा इकडून तिकडे. मामांचं कार्ड टेबलावर पसरलं तेव्हा सगळे त्यावर वाकले आणि पीडीएफ कुणी उघडलीच नाही. तेव्हाच ठरलं, प्रत्येकाला एक कार्ड हवं.

जुनं कार्ड स्कॅन करून छापायचं नाही. एक तर घड्यांवरचा मजकूर गेला आहे, आणि ते प्रकाशन कंपनीचं आहे. माहिती आम्ही स्वतः गोळा करू, मांडणी आमची, वर्णनं मराठीत.

१२ जानेवारी

आकार ठरवायला अख्खा रविवार गेला. मी पंच कार्डाचं (भोकं पाडून माहिती भरायच्या जुन्या कार्डाचं) माप धरलं : ७ ३/८ बाय ३ १/४ इंच, म्हणजे साधारण १८७ बाय ८२.५ मिलिमीटर. शर्टाच्या खिशातून वर डोकावतं, पण पडत नाही आणि चटकन ओढून काढता येतं.

जवळच्या डिजिटल प्रेसमध्ये मोठ्यात मोठं शीट १३ बाय १९ इंच चालतं. १९ इंचांत सव्वातीन इंचांची पाचच पॅनेलं बसतात. दोन्ही बाजू मिळून दहा. मी मनात चौदा धरली होती. म्हणजे काय गाळायचं हे कागदानेच विचारलं.

३६० च्या इन्स्ट्रक्शन मोजल्या. डायग्नोज या आज्ञेला नेमॉनिक (लिहायचं छोटं नाव) नाही, ती सोडून १४२. त्यातल्या ४४ फ्लोटिंग पॉइंटच्या (अपूर्णांकांच्या गणिताच्या), उरल्या ९८. गटात गेल्या वर्षभरात कुणी फ्लोटिंग पॉइंट वापरलेलं नाही, म्हणून मी ४४ वर काट मारली. मामा म्हणाले, “अरे, आम्ही यंत्रावर जायचो ते याच ४४ साठी. बीमचे बेंडिंग मोमेंट काय पूर्णांकात काढणार?” त्यांचं बरोबर होतं. फ्लोटिंग पॉइंट ठेवलं आणि त्याऐवजी असेम्बलरच्या डायरेक्टिव्हचं (यंत्राला नव्हे, असेम्बलरला द्यायच्या सूचनांचं) पॅनेल गाळलं. डायरेक्टिव्ह चुकलं तर असेम्बलर (त्या भाषेचं यंत्रकोडात रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लिस्टिंगमध्येच, म्हणजे त्याच्या छापील यादीतच, ओरडतो. ऑपकोड न ओळखता आला तर डम्पसमोर बसून राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

चॅनेल कमांडमधलं (प्रिंटरसारख्या उपकरणांना द्यायच्या आज्ञांमधलं) उपकरणांचं तपशीलवार कोष्टकही गेलं. एमव्हीएसवर आम्ही स्वतः स्टार्ट आयओ (उपकरणाला कामाला लावणारी आज्ञा) देत नाही. १४०३ प्रिंटरच्या चार ओळी तेवढ्या राखल्या.

१७ जानेवारी

तीन संध्याकाळी, एकूण नऊ तास, नुसतं टायपिंग. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शनला एक ओळ : नेमॉनिक, ऑपकोड, फॉरमॅट, ऑपरंड (आज्ञा कशावर चालते ते), कंडिशन कोड बदलतो की नाही, मराठीत तीन-चार शब्द. इथे एक सवय लागली ती पुढे भोवली. मी दोन ओळी सारख्या दिसल्या की वरची कॉपी करून खाली चिकटवत होतो.

मराठी शब्दांवर गटात बरीच चर्चा झाली. ‘लोड’ला ‘भरा’, ‘स्टोअर’ला ‘ठेवा’ इथपर्यंत सगळे एकमत. ‘ब्रँच’ला ‘शाखा’ कुणालाच नको होतं; ‘उडी’ सगळ्यांना पटलं. ‘कंपेअर लॉजिकल’ला ‘चिन्ह न बघता तुलना’ असं लिहिलं. शब्द लांबला, पण नव्या माणसाला नेमकं हेच कळत नाही की त्या तुलनेत ऋण संख्या मोठी का निघते.

१९ जानेवारी

घरच्या प्रिंटरवर पहिला प्रयोग, साडेपाच पॉइंटात. रोमन अक्षरं वाचता आली, देवनागरीचं पीठ झालं. ‘ठेवा’तली मात्रा शिरोरेषेला चिकटली, ‘जुळवा’तला उकार खालच्या ओळीवर बसला. आपल्या लिपीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते, हे रोजच्या स्क्रीनवर जाणवत नाही.

सात पॉइंटाची देवनागरी, साडेसहाचं रोमन आणि ओळींमध्ये साडेआठ पॉइंट अंतर यावर थांबलो. पॅनेलात ५८ ओळी बसतात. ९८ इन्स्ट्रक्शन दोन पॅनेलांत मावल्या, पण मराठी वर्णनं दोन शब्दांवर आणावी लागली.

आकडे देवनागरीत छापावेत असं मला फार वाटत होतं. एक पॅनेल तसं करून पाहिलंही. पण डम्पमधले आकडे रोमन, लिस्टिंगमधले रोमन, आणि कार्डावर नजर टाकताना प्रत्येक वेळी मनात भाषांतर. पीएसडब्ल्यूमधला (प्रोग्रॅमची सध्याची स्थिती ठेवणाऱ्या नोंदीतला) पत्ता कार्डाशी ताडून पाहताना दोघांनी चूक केली. आकडे रोमनच ठेवले.

२६ जानेवारी, सुट्टीचा दिवस

आज पडताळणी. माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच होतं की कार्डावरची ओळ यंत्राने मान्य केल्याशिवाय छापायची नाही. पुस्तकात चूक असली तर माणूस शंका घेतो. खिशातल्या कार्डावर शंका घेत नाही, ती चूक पाठ होते.

पद्धत सोपी. स्प्रेडशीटमधून एक असेम्बलर प्रोग्रॅम तयार केला, त्यात ९८ आणि ४४ अशा सगळ्या इन्स्ट्रक्शन एकेक ओळ. तो हर्क्युलिसच्या कार्ड रीडरमधून एमव्हीएसच्या असेम्बलरला दिला. १४०३ प्रिंटरच्या फाइलमध्ये लिस्टिंग आलं, त्यातल्या ऑब्जेक्ट कोडची (तयार झालेल्या यंत्रकोडाची) पहिली दोन हेक्स अक्षरं काढून माझ्या ऑपकोडच्या रकान्याशी ताडली.

पहिल्या वेळी १४२ पैकी १४२ चुका. एडिटरने टॅब घातले होते. असेम्बलरला टॅब कळत नाही, त्याला ८० रकान्यांचं कार्ड लागतं. दीड तास गेला. टॅबच्या जागी स्पेस घातल्या.

दुसऱ्या वेळी नऊ चुका. त्यातली एक टायपिंगची, बाकी आठ एकाच जागच्या. शिफ्टच्या (बिट सरकवणाऱ्या) आठ इन्स्ट्रक्शन. मी त्या वर्णानुक्रमे लिहिल्या, म्हणजे डावीकडे सरकवणाऱ्या आधी आणि उजवीकडच्या नंतर, आणि ऑपकोड चढत्या क्रमाने भरत गेलो. यंत्रात उलटं आहे. ८८ ही एसआरएल, ८९ एसएलएल, ८ए एसआरए, ८बी एसएलए, आणि पुढे दुहेरी रजिस्टरच्या (रजिस्टर म्हणजे यंत्रातली हिशेबाची जागा) ८सी ते ८एफ याच क्रमाने. उजवी आधी, डावी नंतर. ही ओळ मी कार्डावर मुद्दाम तळटीप म्हणून घातली आहे.

असं कुठलंही कार्ड करायला घेणाऱ्याला माझं सांगणं : वर्णानुक्रमाचं कोष्टक आणि ऑपकोडच्या क्रमाचं कोष्टक वेगवेगळं हाताने लिहू नका. एकच यादी ठेवा आणि दोन्ही कोष्टकं तिच्यातून काढा.

१ फेब्रुवारी

एब्सिडिकचं पॅनेल. २५६ ओळी हाताने कोण लिहिणार, म्हणून पायथॉनमधल्या कोड पेजवरून (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर या यादीवरून) कोष्टक काढलं. छापून भिंतीला लावलं. संध्याकाळी मामा आले, चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “४ए वर चौकोनी कंस? आमच्या वेळी तिथे सेंटची खूण होती.”

मी कोड पेज ५०० घेतलं होतं. ३६० च्या जवळ जाणारं आहे ते ०३७. अक्षरं आणि अंक दोन्हींत सारखेच, म्हणून वरवर सगळं बरोबर दिसतं. फरक खुणांत आहे. ०३७ मध्ये ४ए वर सेंट, ४एफ वर उभी रेघ, ५ए वर उद्गारचिन्ह, ५एफ वर ‘नाही’ची खूण. ५०० मध्ये त्याच चार जागी डावा चौकोनी कंस, उद्गारचिन्ह, उजवा चौकोनी कंस आणि टोपीची खूण. पीएल/वन या भाषेत लिहिणाऱ्याला हे कार्ड मिळालं असतं तर ‘किंवा’ची खूण त्याला चुकीच्या जागी सापडली असती.

याच पॅनेलवर पंच कोडचाही रकाना दिला, आणि त्यासाठी एक इंच गेला तरी मला वाईट वाटत नाही. गटातल्या नव्यांचा नेहमीचा प्रश्न असतो : आय सी९ ला संपतो, मग जे थेट डी१ ला का? आणि एस ई१ ऐवजी ई२ ला का? पंच कोड शेजारी ठेवला की बोट ठेवून दाखवता येतं. ए म्हणजे १२ आणि १ ही भोकं, आय म्हणजे १२ आणि ९. नऊच्या पुढे अंकच नाही, म्हणून पुढचं अक्षर ११ आणि १ वर जातं. तिसऱ्या गटात ० आणि १ ही जोडी तिरक्या रेघेने आधीच घेतलेली, म्हणून एस ० आणि २ पासून सुरू. कार्डात भोकं कुठे पाडता येतात यावरून मेमरीतले आकडे ठरले. कोष्टकात ती मोकळी जागा दिसते तेव्हा पुसट अक्षर समजून ती भरू नका. ती तशीच आहे.

९ फेब्रुवारी

पीएसडब्ल्यूची आकृती दुसऱ्यांदा काढली. पहिली चुकीची होती, कारण ती मी ३७० च्या सवयीने काढली. बारावा बिट ३७० मध्ये विस्तारित कंट्रोल मोडचा आहे; ३६० मध्ये तोच बिट आस्की मोडचा. आमचं कार्ड ३६० चं आणि आमचं हर्क्युलिस ३७० च्या रूपात चालतं, तर छापायचं काय? शेवटी ३६० ची आकृती ठेवली आणि बाराव्या बिटाखाली बारीक अक्षरात ३७० चा अर्थ दिला.

याच गोंधळाचं दुसरं रूप दुपारी भेटलं. इंटरप्शन कोडचं (प्रोग्रॅम चुकून थांबला तर कारण सांगणाऱ्या आकड्यांचं) कोष्टक पडताळायला मी प्रत्येक चूक मुद्दाम घडवत होतो. कोड १ ऑपरेशन, ४ प्रोटेक्शन, ७ डेटा, ९ स्थिर भागाकार, सगळे आले. सहावा, स्पेसिफिकेशन, येईना. चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून एल (लोड) ने शब्द (चार बाइट) उचलला, तरी प्रोग्रॅम निमूट चालला. अडीच तास मी माझ्या कोडमध्ये चूक शोधत होतो. चूक तिथे नव्हतीच. ३६० मध्ये पूर्ण शब्द चारच्या सीमेवरच लागतो, ३७० ने साध्या इन्स्ट्रक्शनसाठी ती अट सैल केली. मग विषम पत्त्यावर उडी मारली, तेव्हा सहा मिळाला. इन्स्ट्रक्शन मात्र दोन्हीकडे सम पत्त्यावरच हवी.

पुण्या-मुंबईत मेनफ्रेमवर कोबॉल करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांना एस-०-सी-७ (प्रोग्रॅम कोसळल्यावर दिसणारा कोड) झोपेतही आठवतो. त्यातला शेवटचा सात म्हणजे हाच डेटा इंटरप्शनचा कोड. गटातल्या एका मुलीने बारा वर्षं कोबॉल केलं आहे, कार्डावर सातची ओळ बघून ती म्हणाली, “म्हणजे हा सात इथून येतो होय.” त्या पॅनेलचं नाव मी ‘एस-०-सी-एक्स : शेवटचं अक्षर इथे बघा’ असं करून टाकलं.

१६ फेब्रुवारी

मांडणी इंकस्केपमध्ये. मागच्या बाजूची पॅनेलं उलट्या क्रमाने लागतात हे माहीत होतं, तरी पहिली प्रत उलटी आली, कारण प्रिंटरने कागद लांब कडेवर उलटवला आणि मला आखूड कडेवर हवा होता. दोन्ही बाजूंवर पॅनेलचे नंबर मोठ्या अक्षरात टाकून आधी कोऱ्या घडीवर तपासा, मगच मजकूर भरा. माझे अकरा कागद वाया गेले.

दुसरी गोष्ट समासाची. समोरची आणि मागची छपाई दीड मिलिमीटरपर्यंत सरकते. घडीपासून दोन मिलिमीटर सोडले होते, त्यामुळे मागच्या बाजूला ऑपकोडचा रकाना जवळजवळ घडीवर आला. मामांच्या कार्डावर नेमका तिथलाच मजकूर झिजला आहे. आता दोन्ही बाजूंनी चार मिलिमीटर सोडले. वर्णनांतून आणखी काही शब्द गेले.

२२ फेब्रुवारी

नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये पहिली चाचणी. १३ बाय १९ चा फिकट हिरवा १८० जीएसएमचा कार्डपेपर, १८ रुपयांना एक, असे दहा घेतले. दोन्ही बाजूंची काळी छपाई ३० रुपये शीट. चार छापले.

दोन चुका एकदम दिसल्या. घडी घातली की घडीवर टोनर तडकला आणि पांढरी दातेरी रेघ उमटली. प्रेसवाल्या काकांनी शीट हातात घेतलं, एकदा उभं वाकवलं, एकदा आडवं, आणि म्हणाले, “ग्रेन उलटा आहे तुमचा.” कागदाचे तंतू १९ इंचांच्या दिशेने होते, माझ्या घड्या त्यांना काटकोनात. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर कागद वाकतो, आडवी घातली तर तुटतो. हे दोन मिनिटांत हाताला कळतं. मी विकत घेण्याआधी वाकवून बघितलं नव्हतं. उरलेली सहा शीटं पडून आहेत.

दुसरी चूक पॅनेलच्या रुंदीची. घडीच्या पत्रकात आतली पॅनेलं एकेक मिलिमीटर अरुंद करायची असतात असं मी कुठेतरी शिकलो होतो. ते गुंडाळत जाणाऱ्या घडीला लागू आहे. पंख्याच्या घडीत पाचही पॅनेलं सारखीच हवीत, नाहीतर मिटल्यावर कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. सगळी पुन्हा ८२.५ केली.

१ मार्च

कागद नव्याने. २३ बाय ३६ चं मोठं शीट, तंतू ३६ च्या दिशेने, ३२ रुपये. त्यातून १२ बाय १८ चे तीनच तुकडे निघतात, पण तंतू १२ च्या बाजूला येतात, म्हणजे माझ्या घड्यांना समांतर. बाजूची पाच इंचांची पट्टी वाया. वीस शीटं घेतली, साठ तुकडे.

कार्डाला १२ पैकी पावणेआठ इंचसुद्धा लागत नाहीत, खाली चार इंचांहून जास्त उरतात. तिथे मामांच्या पेन्सिलीतली शिडी घातली. ती सेव्ह एरियाची (दुसऱ्या प्रोग्रॅमला बोलावताना रजिस्टर जपून ठेवायच्या जागेची) आकृती आहे : १८ शब्द, ७२ बाइट, ४ वर मागच्या सेव्ह एरियाचा पत्ता, ८ वर पुढच्याचा, १२ पासून रजिस्टर १४, १५, ०, १ करत ६८ वर बारावं. शेजारी कोणतं रजिस्टर कशाला : १ मध्ये पॅरामीटर, १३ मध्ये सेव्ह एरिया, १४ मध्ये परतीचा पत्ता, १५ मध्ये प्रवेशाचा. एका पट्टीतून असे चार चौकोन. छपाईचे जास्तीचे पैसे पडले नाहीत, आणि लॅपटॉपच्या कडेला चिकटवायला हे चौकोन कार्डापेक्षा सोयीचे आहेत.

१५ मार्च

धुळवडीमुळे एक दिवस उशीर. ५५ तुकडे छापले, पाच राखीव. आधी क्रीझिंग मशिनवर चार रेघा, मग हाताने घडी. क्रीझ केल्यावर टोनर कुठेही तडकला नाही. आठ कार्डं बाद : पाचांची मागची बाजू तिरकी, तीन कापताना गेली. ४७ चांगली.

खर्च असा : घरचे प्रयोग १८०, वाया गेलेला पहिला कागद १८०, चाचणी छपाई १२०, दुसरा कागद ६४०, तो कापणं ६०, छपाई १६५०, क्रीझिंगची सेटिंग आणि मजुरी ३६०, शेवटचं कटिंग ५०. एकूण ३२४० रुपये, म्हणजे कार्डामागे ६९. पहिला कागद बघून घेतला असता तर ३०० रुपये आणि एक आठवडा वाचला असता.

२३ मार्च

कार्डं वाटली. दोन तासांच्या वर्गात पीडीएफ एकदाच उघडली गेली. सगळ्यांत जास्त बोटं पडतात ती उडीच्या पॅनेलवर. तिथे ‘८ ४ २ १’ ठळक छापलंय, खाली कंडिशन कोड ० १ २ ३. तुलनेनंतर बीई (सारखं असलं तर उडी) म्हणजे ८, बीएल (लहान असलं तर) ४, बीएच (मोठं असलं तर) २. टीएम (बिट तपासणारी आज्ञा) नंतर तेच ८ म्हणजे सगळे बिट शून्य, ४ म्हणजे मिश्र, १ म्हणजे सगळे एक. एकच बीएम बेरजेनंतर ‘ऋण’ आणि टीएम नंतर ‘मिश्र’, हे शेजारी शेजारी छापल्यामुळे एकदा समजावून पुरलं.

वर्ग संपताना एका मुलाने विचारलं, “दादा, एसएलएल नंतर बीझेड चालेल ना? कार्डावर तर कंडिशन कोड बदलतो असं आहे.”

नाही चालणार. बीझेड म्हणजे निकाल शून्य असला तर उडी, आणि ते ती कंडिशन कोडवरून ठरवते. अंकगणिती शिफ्ट कंडिशन कोड बदलतात. एसआरएल, एसएलएल आणि त्यांच्या दुहेरी जोड्या, चारही लॉजिकल शिफ्ट, त्याला हात लावत नाहीत. मी एक ओळ भरून खाली सात वेळा चिकटवली होती. पडताळणीत सापडलं नाही, कारण मी असेम्बलरला फक्त ऑपकोड विचारला. कंडिशन कोडचा रकाना यंत्राने कधी बघितलाच नव्हता, आणि २६ जानेवारीला मी स्वतःच लिहिलं होतं की यंत्राने मान्य केल्याशिवाय छापायचं नाही. मुलाचा प्रोग्रॅम चुकीच्या दिशेने उडी मारत होता आणि तो स्वतःचा तर्क तपासत बसला होता. याचं मला फार वाईट वाटलं.

२९ मार्च

कंडिशन कोडची पडताळणी लिहिली. एसपीएम ने कंडिशन कोड आधी ठरवायचा, मग तपासायची इन्स्ट्रक्शन चालवायची, लगेच बीएएलआर. बीएएलआर रजिस्टरमध्ये परतीचा पत्ता ठेवते आणि त्याच्या वरच्या बाइटमध्ये पहिले दोन बिट इन्स्ट्रक्शनच्या लांबीचे, पुढचे दोन कंडिशन कोडचे. ते दोन सोलून काढायचे.

एकदा करून भागत नाही. आधी ० ठेवला आणि नंतरही ० आला, तर बदलला नाही की बदलून ० च झाला हे कळत नाही. म्हणून प्रत्येक इन्स्ट्रक्शन चार वेळा, ० ते ३ पासून सुरुवात करून. चारही वेळा आला तसाच राहिला तर ती हात लावत नाही.

९८ मधल्या दहा प्रिव्हिलेज्ड (फक्त ऑपरेटिंग सिस्टिमला मुभा असलेल्या), त्या साध्या प्रोग्रॅममधून चालत नाहीत. एसव्हीसी (ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणारी) आणि एसपीएम सोडल्या. ईएक्सचा कंडिशन कोड ती जिला चालवते तिच्यावर अवलंबून, तीही सोडली. ८५ तपासल्या. चार लॉजिकल शिफ्ट सोडून आणखी चूक निघाली नाही. पूर्ण संध्याकाळ लागली, साडेचार तास. हे जानेवारीत केलं असतं तर छपाईच्या आधी होतं. दहा प्रिव्हिलेज्ड मी पुस्तकाशी दोनदा हाताने ताडल्या, एकदा मी, एकदा मामांनी. फ्लोटिंग पॉइंटच्या ४४ ची ही चाचणी अजून बाकी आहे, आणि ती होईपर्यंत त्या पॅनेलवरच्या कंडिशन कोडवर विसंबू नका असं गटाला सांगितलं.

उद्या पाडवा, वर्ग नाही.

६ एप्रिल

पुन्हा छापायचे आणखी दोन हजार रुपये नाहीत. ४७ कार्डं, प्रत्येकावर चार ओळी, १८८ दुरुस्त्या. पांढऱ्या शाईचा ठिपका देऊन पाहिला. हिरव्या कागदावर तो उठून दिसतो आणि घडीत घासून निघतो. धारदार ब्लेडने टोनर खरवडला तर कागदाचा तुकडा सुटतो. शेवटी ०.३ च्या काळ्या पेनाने खुणेवर आडवी रेघ आणि शेजारी बारीक शून्याएवढं वर्तुळ, हे बरं दिसलं. पेन वाळायला अर्धा मिनिट द्या, नाहीतर घडी घालताना समोरच्या पॅनेलवर उठतं. पहिली तीन कार्डं अशीच डागाळली.

सहा जण बसलो होतो. मामांनी आपलं जुनं कार्ड समोर उघडून ठेवलं आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच्याशी ताडून मगच पुढचं कार्ड घेतलं. ३१ झाली. उरलेली १६ पुढच्या रविवारी. पेन आणखी एक आणावं लागेल, याचं टोक गेलं.